नात्याचा रकाना

फुजैरा,
दि. १४ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अस्मितावन्सं यांना,
सविताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, तब्येतीने मी धड आहे. हे फोनवर बोलता येण्यासारखं नाही. गल्फचा फोन म्हटला की सासूबाई तुम्हाला स्पीकर लावायला लावतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, माझ्या गुणवंताचं काही कळलं का गं. तुमचे भाऊ शारजाहून विमानात बसले, मुंबईला उतरल्याचा शिक्का आहे, पण लांज्याला घरी पोचलेच नाहीत, त्याला तेरा वर्षं झाली. त्या माऊलीचा प्रश्न काही बदलला नाही. त्यांच्यासमोर जगन्नाथरावांचं नाव मी कुठल्या तोंडाने काढू? सासरच्या माणसांत ते फक्त तुम्हाला माहीत. शेजारची साजिदा परवा रत्नागिरीला माहेरी निघाली आहे, ती पत्र तुमच्याच हातात देईल.

सहा तारखेला जगन्नाथराव कामावर होते. तेलाच्या टाकीवर चढून पातळी मोजायचं काम, साठी आली तरी चालूच आहे. खाली उतरले ते घामाने निथळत आणि छाती धरून. माझी मेस टर्मिनलच्या आवारातच, म्हणून मी ॲम्ब्युलन्समध्ये चढू शकले. हॉस्पिटलच्या काउंटरवर मुलीने फॉर्म पुढे सरकवला. नाव, वय सगळं भराभर लिहिलं आणि नात्याच्या रकान्याशी आले. हे स्ट्रेचरवर, मागे रांग, ती मुलगी यल्ला मॅडम, यल्ला करते आहे. मी ‘वाइफ’ लिहून मोकळी झाले. वन्सं, एका घरात राहून चार वर्षं झाली, पण हा शब्द मी कधी मनातसुद्धा म्हटला नव्हता.

तीन ब्लॉकेज निघाले. बायपास करायची आहे. आणि त्याच फॉर्मने आता माझा गळा धरला आहे. कंपनीच्या विम्यात ते विधुर आणि हॉस्पिटलच्या कागदावर त्यांना बायको. एचआरमधला अर्श, मुलगा गुणी आहे हो, तो म्हणाला की अभिनंदन, सांगितलं नाहीत, आता फेब्रुवारी संपायच्या आत मॅरेज सर्टिफिकेट आणून द्या, नाहीतर ऑपरेशनची मंजुरी अडकेल. मी इन्शाल्ला म्हणाले आणि जिना उतरून निघाले. परमुलुखात सरकारमान्य कागदावर खोटं लिहिलं म्हणजे काय होतं ते मला नक्की माहीत नाही, आणि कुणाला विचारायची छाती होत नाही. बिल्डिंगखाली पोलिसांची गाडी थांबली की मी दिवा घालवते.

साजिदाचा अन्वर म्हणतो, भाभी, एकत्र राहण्याबद्दल आता इथे कोणी विचारत नाही, कायदा बदलला. ते खरं आहे. पण नुसतं राहणं वेगळं आणि कागद वेगळा. टर्मिनलवर एक डच इंजिनीयर आहे. त्याच्या देशात म्हणे लग्न न करता दोघांची नोंद होते, स्त्रीपुरुषांचीसुद्धा. लग्न नाही आणि परकेपणाही नाही. मला नेमकं तेवढंच हवं होतं. लग्न मी एकदा केलं, मला पुरलं. पण तसला कागद ना इथे मिळतो ना आपल्याकडे. अबुधाबीच्या कोर्टात आपल्यासारख्यांचं भटजीवाचून लग्न लागतं, पटकन लागतं, पण तिथेही आधी सांगावं लागतं की तुम्ही कुमारिका, विधवा की घटस्फोटित. मी यातली कोण?

म्हणून तुमच्याकडे पदर पसरते. सात वर्षं ज्याची जवळच्या कुणालाही खबर नाही, त्याला आपलं कोर्ट मृत धरतं. त्याला सख्ख्या नात्यातल्या माणसाचं शपथपत्र लागेल, की आम्हाला काहीही कळलेलं नाही. एका ओळीचं काम आहे. मोठ्या बहिणीसारखं आजवर सांभाळलंत, तसंच याही खेपेला सांभाळून घ्या.

तुमची,
सविता


लांजा,
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. सविता हिस,
अ. उ. आशीर्वाद.

साजिदा आली, उभ्या उभ्या निघत होती, तिला बसवून पोहे घातले. आई विचारत होती कोण गं ही, तर सांगितलं की माझी जुनी विद्यार्थिनी. पस्तीस वर्षं शाळेत खरं बोला म्हणून मुलांच्या हातांवर छड्या मारल्या, आता म्हातारपणी हे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका भरपूर, पण या खेपेला मार्क कापत नाही. जगन्नाथरावांचं वाचून वाईट वाटलं. मीठ बंद कर, लोणचं तर डोळ्यांना दिसूसुद्धा देऊ नकोस. तुझी मेसमधली डाळ अळणी म्हणून भांडायला आले आणि त्यावरून ओळख झाली म्हणालीस ना, आता तीच अळणी डाळ गोड मानून घ्या म्हणावं.

पण शपथपत्राचं मला जमणार नाही. नीट वाच, जमणार नाही. गेल्या वर्षी बारा वर्षं उलटली तेव्हा आपल्या प्रल्हादभटजींनी पालाशविधीचा विषय काढला होता. परागंदा माणसाचं बारा वर्षांनी पळसाच्या पानांचं शरीर करून दहन करतात, मग घरच्यांना सुटका. आईने त्यांना पाटावरून उठवलं. पुन्हा या घरात पाऊल टाकू नका म्हणाली. मलाही ते पटत नाही. जिवंत माणसाच्या नावाने पिंड पाडायचे म्हणजे काय. जिवंत असला तर, असं म्हणते मी. आपल्याला काय ठाऊक.

तू त्या अर्शला सांग की कागद गावी आहेत, मिळायला वेळ लागतो. पूर आला, वाळवी लागली, काहीही सांग. ऑपरेशन झालं की कोण विचारतंय. चार वर्षं कागदावाचून गेली, पुढचीही जातील. आणि कारण विचारू नकोस. माझ्यावर रागावलीस तर रागाव, पण माणूस म्हणून मला टाकू नकोस.

तुझी,
अस्मिता


फुजैरा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. अस्मितावन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रागावू नको असं म्हणणार असाल तर ते आता होणार नाही. वाळवी लागली म्हणून सांग, असं तुम्ही मला लिहावं? एक खोटं निस्तरता येत नाही म्हणून मी तुमच्या दारात आले, तर तुम्ही आणखी चार हातात दिलीत.

ऑपरेशन चार मार्चला ठरलं आहे. जगन्नाथराव वरून शांत दिसतात, पण परवा त्यांनी मला बसवून बँकेचे, विम्याचे सगळे कागद कुठे आहेत ते दाखवलं. मी विचारलं, हे आत्ता कशाला, तर म्हणाले सहज. त्या सहजने माझी झोप उडाली. बरंवाईट झालं तर मी त्यांची कोणीच नाही. त्यांचा दर्शन नाशकात असतो, बापाने माझं नाव सांगितल्यापासून तो फोनवर जेवलात का याच्यापुढे बोलत नाही. सगळं तो ठरवणार. मला बाहेर काढायला त्याला नुसतं ही कोण असं विचारावं लागेल. पर्णिकाला पुण्याला फोन केला तर तिचं एकच, आई, जस्ट गेट इट डन. पोरीला बाप आठवतसुद्धा नाही धड.

आता जे सांगते त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोला. गुरुवारी तुम्ही पेन्शनच्या कामाला गेला होतात, तेव्हा मी सासूबाईंना फोन केला. शेजारच्या त्या नर्सबाईने उचलून त्यांच्या कानाशी धरला. मी सगळं सांगितलं. जगन्नाथराव, चार वर्षं, तो फॉर्म, सगळं. मला वाटलं संपलं, आता शाप येतो. तर त्या म्हणाल्या की तुझी भीती माझ्या कानाला ऐकू येते आहे. आपल्या वेडापायी दुसऱ्याच्या लेकीला तेरा वर्षं टांगून ठेवली असंही म्हणाल्या. प्रल्हादभटजींना बोलावते, विधी करते, आणि कोर्टात काय लिहायचं ते अस्मिता लिहील.

वन्सं, मी फोन ठेवून हमसून रडले. तुम्हाला न विचारता केलं, ही चूक माझी. पण आता त्याच हो म्हणाल्या आहेत तर तुम्ही अडवू नका. भावाच्या नावाला जपता आहात का? त्या नावाने मला काय दिलं ते तुम्ही पाहिलंय. उत्तर कुरिअरने पाठवा. राग धरलात तरी हक्काने बोलणं सोडू नका.

सविता


लांजा,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सविता हिस,
आशीर्वाद लिहायचा मला अधिकार उरला आहे का ते पत्र संपल्यावर तू ठरव.

काल विधी होता. आई पहाटे उठून बसली होती. तिने स्वतः सांगून तीनशे साठ पळसाचे देठ मोजून घेतले, भटजींनी नदीवर दर्भावर ते मांडले, हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मी इतकी वर्षं हा विधी ऐकून होते, पाहिला कधी नव्हता. वाळूवर माणूस निजवल्यासारखं दिसतं गं. आईला खुर्चीतून नेलं होतं. तिने वाकून त्या नारळावरून हात फिरवला, लहानपणी त्याला ताप आला की फिरवायची तसा. भटजींनी विस्तव पुढे केला आणि माझ्या तोंडून ओरडा निघाला. थांबा म्हणाले. तो जिवंत आहे म्हणाले.

हो सविता. गुणवंत जिवंत आहे. २०१७च्या आषाढात अनोळखी नंबरवरून त्याचा फोन आला. सुरतेकडे कुठेतरी असतो, तिथे त्याने दुसरं घर केलं आहे, मूलही आहे. विमानतळावरून तो सरळ तिकडेच गेला होता. त्याच्यावर कोणतंही संकट आलं नव्हतं. आईला आणि सविताला सांगू नकोस म्हणाला, सविता कमावते, तिचं चांगलं चाललंय. मी त्याला नाही नाही ते बोलले आणि फोन आपटला. तरी नंतर दोनदा त्याचा आला आणि दोन्ही वेळा मी घेतला. शेवटचा गेल्याच्या गेल्या दिवाळीत.

आईला सांगितलं नाही कारण ती मरेल असं वाटलं. तुला का नाही सांगितलं, तेही लिहिते. तू दर मे महिन्यात पर्णिकाला घेऊन यायचीस, आईचं न्हाणं माखणं करायचीस, माझ्याशी पहाटेपर्यंत गप्पा मारायचीस. मी लग्न केलं नाही, मला या घरात दुसरं कोण होतं? हे कळलं असतं तर तू या घरची कशाला राहिली असतीस. सुटशील या भीतीने मी तुला बांधून ठेवलं. भावाने जे केलं ते केलंच, पण गेली आठ वर्षं माझी आहेत.

शपथेवर खोटं लिहायला मी शेवटी तयार झाले होते, खरंच. पण आईचा तो हात बघवला नाही. आता तुझा तो रस्ता बंद झाला, आणि तो मीच बंद केला. आई कालपासून उपाशी आहे. अन्न समोर धरलं की तोंड फिरवते. मला फार भीती वाटते आहे. क्षमा माग असं स्वतःला सांगते, पण कशाकशाची मागू.

अस्मिता


फुजैरा,
९ मार्च २०२५

अस्मितावन्सं यांना,
नमस्कार.

पत्र येऊन दहा दिवस झाले. पहिले दोन दिवस मी ते चुलीत घालायला निघाले होते. इथे चूल नाही, गॅस आहे, म्हणून वाचलं. तुमच्यावरचा राग अजून तसाच आहे, तो लपवत नाही. मी तेरा वर्षं त्या माणसाच्या नावाने वटपौर्णिमा केली हो. नवस बोलले, बेवारशी प्रेतांच्या याद्या वाचल्या.

पण रागापेक्षा भीती मोठी निघाली. अन्वरला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, भाभी, इथे कोणी काही विचारत नाही ते खरं, पण नवऱ्याने तक्रार केली तर मामला वेगळा. म्हणजे जो मला टाकून गेला त्याच्याच हातात माझी मान. तो कशाला तक्रार करेल म्हणा, पण रात्री मनाला कोण समजावणार. अनोळखी नंबर आला की मला तोच वाटतो. कालच एक आला होता, क्रेडिट कार्डवाली निघाली.

जगन्नाथरावांना मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, आता आणखी एक खोटं नको, माझं काय व्हायचं ते होवो. दुसऱ्या दिवशी मी अर्शसमोर बसले आणि सांगितलं की मी बायको नाही, घाबरून लिहिलं. त्याने दार लावून घेतलं. मला वाटलं आता फोन करतो. तर तो म्हणाला, दीदी, ये पहले क्यों नहीं बोला. पेशंट शुद्धीवर आहे, संमतीची सही तो स्वतःच करतो, त्याला बायको कशाला लागते. चुकीचा फॉर्म हॉस्पिटलने रद्द करून नवा भरून घेतला, मला एक सज्जड दम दिला, विम्याशी कागद जुळल्यावर मंजुरी आली आणि खलास. बायकोशिवाय ऑपरेशनच होत नाही हे आम्हा दोघांनाही इतकं पक्कं वाटत होतं की कुणाला विचारलंच नाही. दोन महिने मी मेल्यासारखी जगले.

पण सगळं खलास झालं नाही. नव्या फॉर्मवर माझं नातं ‘फ्रेंड’, आणि जवळचा नातेवाईक दर्शन. तो आला. ऑपरेशन चारलाच झालं, पाच तास चाललं, देवाच्या दयेने पार पडलं. नंतर आयसीयूत एकालाच सोडत होते. दर्शन आत, मी बाहेर. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोरून तीनदा गेला आणि पाहिलं नाही. काय झालं, शुद्ध आली का, हे मी लिफ्टशी झाडणाऱ्या बाईकडून काढून घेत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेर आला आणि भिंतीकडे बघत विचारलं, बाबांना कुठल्या गोळीने अंगावर पुरळ येतं. मी नाव सांगितलं. तो आत गेला. तासाने पुन्हा आला, रात्री झोपताना उशा किती लागतात. मग आणखी एक. शेवटी त्याने गळ्यातला पास काढून माझ्या हातात दिला आणि खाली चहाला गेला. दहा मिनिटं मिळाली. जगन्नाथरावांच्या तोंडात नळी होती, त्यांनी माझं बोट धरलं.

आता दर्शन म्हणतो बरे झाले की नाशकाला नेणार. ते नको म्हणतात. तो नेईल तर मी कोणत्या नात्याने अडवू? तुमचा भाऊ जिवंत आहे तोवर मी ना इकडची ना तिकडची. घटस्फोट घ्यावा म्हटलं तर तो परागंदा, आणि त्याने टाकलं याची साक्ष कोण देणार. सासूबाई कशा आहेत ते कळवा. राग आहे तसे संबंधही आहेत, एवढं समजा.

सविता


लांजा,
२३ मार्च २०२५

चि. सविता हिस,
अनेक आशीर्वाद, नको असले तरी.

आई जेवते आहे. चौथ्या दिवशी तिने स्वतःहून पेज मागितली. मग दोनच गोष्टी विचारल्या. मूल मुलगा की मुलगी, आणि त्याने माझी चौकशी केली का. पहिलं मला माहीत नव्हतं. दुसऱ्याला मी हो म्हणणार होते, पण आता खोटं नको होतं. नाही म्हणाले. त्यावर ती मान हलवून कुशीवर वळली.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, सगळं, लिफ्टशी झाडणाऱ्या बाईसकट. साक्ष कोण देणार हे वाक्य आलं तेव्हा तिने मला थांबवलं आणि गुणवंताचा फोन नंबर आहे का विचारलं. होता, मी जपून ठेवला होता, लाज वाटते सांगायला. तिने लावायला लावला, स्पीकरवर. त्याने उचलला. आई म्हणाली की मी तुझी आई बोलते आहे, रडू नकोस आणि काही सांगू नकोस, सविता सोडचिठ्ठी मागेल तेव्हा येऊन सही कर. तो हुंदके देत होता, म्हातारी ऐकत होती. तिने फोन माझ्या हातात दिला आणि मग मात्र इतकी थरथरली की मला दोन गोधड्या घालाव्या लागल्या.

तो येईल याची खात्री मला नाही. आजवर कधी आला आहे. तुझ्या नावाची तक्रार करेल का, ही भीती मलाही आहे, तुझ्याहून कमी नाही. म्हणून काल वकील घरी बोलावले, साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. २०१७ पासून सगळं मी शपथेवर सांगणार आहे, मी लपवलं तेसुद्धा. गावात तोंड दाखवता येणार नाही, मग नाही दाखवणार. तू तिकडून वकीलपत्र पाठव.

वकील उठत होते तेव्हा आतून आईने हाक मारली. पहिलं नाव माझं लिहा म्हणाली. ते म्हणाले, आजी, तुम्ही चौऱ्याऐंशीच्या, कोर्टात यावं लागेल, आणि पोटच्या पोराविरुद्ध बोलायचं म्हणजे जड जाईल. तर ती म्हणाली की तेरा वर्षं मी गावभर सांगत फिरले तो येणार आहे, माझ्याच तोंडावर विसंबून ही पोर थांबली, तर तो येणार नाही हेही मीच सांगितलं पाहिजे. खुर्ची लागेल, ती घरचीच आणीन.

नाव लिहून घेतलं आहे. पहिली तारीख मिळाली की कळवते. लोभ पूर्वीसारखा ठेव असं म्हणायचं धाडस नाही, पण पत्र मात्र पाठवत राहा, आई रोज विचारते.

अस्मिता